घर निघालं टेक्सासला, फी मात्र मिशिगनची

नोव्हीहून एका आईचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग इथे देते.

“काकू, आम्ही चौदा वर्षं मिशिगनमध्ये आहोत. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला आता ऑस्टिनला चांगली नोकरी मिळतेय, पण मार्चमध्येच हजर व्हायचंय. मोठी मुलगी ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, धाकटा अकरावीत. दोघंही पहिल्यापासून इथल्याच शाळेत. आम्ही सगळे सिटिझन आहोत. अटलांटाची मैत्रीण म्हणते, काही होत नाही, शिकतेय तोवर फी तीच राहते. रालेचे दीर म्हणतात, एक वर्ष सवलत, मग आउट-ऑफ-स्टेट. मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, आमचा पत्ता लावा, कोण बघतंय! नवरा म्हणतो, घर विकायचंच नाही, भाड्याने देऊ, टॅक्स तर भरतोच आहोत. आणि सासूबाई म्हणतात, धाकट्याला वर्षभर मामाकडे ट्रॉयला ठेवा. कोणाचं ऐकू? मला रात्र रात्र झोप नाही.”

तुमची झोप का उडाली ते आकडेच सांगतात. ॲन आर्बरला मिशिगनच्या रहिवासी मुलांची, म्हणजे इन-स्टेट, वर्षाची ट्यूशन साधारण १८ हजार डॉलर आणि बाहेरच्यांची, म्हणजे आउट-ऑफ-स्टेट, ६० हजारांच्या वर. पहिली दोन वर्षं झाली की दोन्ही आकडे आणखी वाढतात. म्हणजे उरलेल्या दोन वर्षांत मोठीच्या बाबतीत ऐंशी हजारांहून जास्त फरकाचा प्रश्न आहे, धाकट्याचा वेगळाच.

आधी मैत्रीण आणि दीर यांचं भांडण मिटवते. दोघंही खरं बोलताहेत, आपापल्या राज्यापुरतं. मैत्रिणीच्या जॉर्जियात आईवडील दुसरीकडे राहायला गेले तरी मूल खंड न पाडता सरकारी कॉलेजात शिकत असेल तर त्याचा इन-स्टेट दर्जा टिकतो. दिरांच्या नॉर्थ कॅरोलायनात रहिवास बदलल्यापासून बारा महिन्यांची सवलत मिळते, सेमिस्टरच्या मध्येच ती संपली तर त्या सेमिस्टरच्या शेवटापर्यंत. ओहायोत पूर्णवेळ शिक्षण अखंड चालू ठेवलं तर एक डिग्री पुरी होईपर्यंत मूल ओहायोचंच धरतात. वॉशिंग्टनमध्ये तर अकरावी-बारावीचा किती काळ तिथल्या शाळेत काढला याचा हिशेब होतो. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न टाकला की दहा उत्तरं येतात, दहाही अनुभवाची असतात आणि त्यातली नऊ आपल्या कामाची नसतात.

मिशिगनमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे सगळ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना मिळून एकच नियम नाही. राज्यघटनेनेच विद्यापीठांना स्वायत्तता दिली आहे. ॲन आर्बरचे नियम तिथले रीजंट्स, म्हणजे नियामक मंडळ, ठरवतात, मिशिगन स्टेटचे तिथले ट्रस्टी, वेन स्टेटचे तिथलं बोर्ड ऑफ गव्हर्नर्स. मी पुढे जे सांगणार आहे ते ॲन आर्बरचं. धाकटा ईस्ट लॅन्सिंगला (मिशिगन स्टेट) किंवा हॉटनला (मिशिगन टेक) अर्ज करणार असेल तर तिथलं पान वेगळं उघडून वाचायचं. एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही.

आता मोठी. तिच्या बाबतीत मला फारशी काळजी वाटत नाही. ॲन आर्बरचा नियम असा की, मिशिगनमध्ये कायमचं घर असलेले आईवडील राज्य सोडून गेले तरी मुलाचा दर्जा टिकतो असं धरून चालतात, पण तीन गोष्टी हव्यात. आईवडील जाण्याआधी मुलाची निदान अकरावी, म्हणजे ज्युनिअर इयर, पुरी झालेली असावी. मूल मिशिगनमध्येच राहून पूर्णवेळ शाळेत किंवा कॉलेजात असावं. आणि मुलाने दुसऱ्या राज्यात बस्तान बसवल्याचं दाखवणारं काही केलेलं नसावं. तुमच्या लेकीची पहिली अट कधीच पुरी झाली, दुसरीही झाली आहे. तिसरी मात्र तिच्या आणि तुमच्या रोजच्या वागण्यावर आहे, आणि लोक घसरतात ते इथेच.

तिच्यासाठी दुसरीही वाट आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. हायस्कूलच्या आधीची दोन वर्षं मिशिगनच्या मिडल स्कूलमध्ये, मग ग्रॅज्युएट होण्याआधीची सलग निदान तीन वर्षं मिशिगनच्या हायस्कूलमध्ये, आणि पास झाल्यावर ठरावीक मुदतीत युनिव्हर्सिटीत प्रवेश, एवढं असेल तर त्या शाळेतल्या हजेरीवरच इन-स्टेट फी मिळते. घर कुठे आहे हा प्रश्नच येत नाही. रीजंट्सनी हे २०१३ मध्ये मंजूर केलं. तुमची मुलगी पहिल्यापासून नोव्हीच्या शाळेत, म्हणजे हा दरवाजाही उघडा आहे. तिची मिडल स्कूलची आणि हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागवून ठेवा. ऑस्टिनला गेल्यावर नोव्हीच्या शाळेच्या ऑफिसला फोन लावत बसण्यापेक्षा आज जाऊन दोन कागद आणणं सोपं.

तिसऱ्या अटीबद्दल जरा खोलात सांगते. समजा, तुम्ही टेक्सासला गेलात. तिथे नव्वद दिवसांत लायसन्स बदलावं लागतं, गाडीचं रजिस्ट्रेशन तीस दिवसांत. तुमच्या गाड्या बदलताना नवऱ्याच्या डोक्यात हमखास येणार, लेकीची गाडीही आपल्याच पॉलिसीवर टेक्सासला घेऊ, मिशिगनचा इन्शुरन्स किती महाग! महाग आहेच, ते मिशिगनमध्ये गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पण गाडी उभी राहणार ॲन आर्बरच्या गल्लीत आणि कागदावर ती ऑस्टिनची, हे इन्शुरन्सवाल्यांच्याही दृष्टीने खोटं, आणि उद्या युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे रहिवास ठरवणाऱ्या, ऑफिसने विचारलं तर तेच पहिलं बोट. वर्षाला हजार-दोन हजार वाचवायला जाऊन चाळीस हजार पणाला लावायचे नाहीत. गाडी मिशिगनच्या प्लेटवर, मिशिगनच्याच पॉलिसीवर राहू द्या.

तिचं लायसन्सही बघा. त्यावर नोव्हीच्या घराचा पत्ता असणार. ते घर भाड्याने गेलं की तो पत्ता तिचा राहत नाही. तिने एक दिवस सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जाऊन किंवा ऑनलाइन ॲन आर्बरच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता घालून घ्यावा. मिशिगनच्या कायद्याने लायसन्सवरचा आणि मतदार यादीतला पत्ता एकच असावा लागतो, त्यामुळे मतदानही आपोआप ॲन आर्बरला जातं. एकाच फेरीत दोन कामं. बँकेचं खातं तिथलंच ठेवा, डॉक्टरही तिथलाच. उन्हाळ्यात कुठे इंटर्नशिप केली, अगदी कॅलिफोर्नियाला जरी गेली, तरी तात्पुरतं जाणं म्हणजे घर बदलणं नव्हे. पण तिने मिशिगनचा टॅक्स रिटर्न मिशिगनची रहिवासी म्हणूनच भरायचा. तुम्ही दोघं त्या वर्षी मिशिगनचे अर्धवट वर्षाचे रहिवासी म्हणून भराल, पुढच्या वर्षापासून रहिवासी म्हणून नाही. एका कुटुंबात दोन वेगळे रिटर्न दिसले तर त्यात संशयास्पद काही नाही, ते तसंच असायला हवं.

एका गोष्टीसाठी मात्र तिला बजावून ठेवा. एखादी सेमिस्टर सोडून सुट्टी घ्यायची, ऑस्टिनला घरी येऊन सहा-आठ महिने नोकरी करायची, असं मनात आलं तर आधी विचारून घ्यायचं. युनिव्हर्सिटीमार्फत परदेशी सेमिस्टर किंवा को-ऑप (शिक्षणाचाच भाग म्हणून केलेली नोकरी) वेगळं. शिक्षणच थांबवून दुसऱ्या राज्यात राहणं वेगळं.

तुमच्या मिस्टरांचा घराचा मुद्दा. टॅक्स भरतोय म्हणजे आपण मिशिगनचेच, हे चांगल्या शिकलेल्या माणसांनाही वाटतं, पण ते बरोबर नाही. मिशिगनमध्ये घर असलेले आणि प्रॉपर्टी टॅक्स भरणारे हजारो लोक शिकागोत राहतात. मालकी म्हणजे रहिवास नव्हे. उलट इथे एक खड्डा आहे. तुमच्या घरावर प्रिन्सिपल रेसिडेन्सची, म्हणजे मुख्य राहत्या घराची, सूट असणार, त्यामुळे शाळेच्या टॅक्सचा १८ मिलपर्यंतचा भाग (करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला १८ डॉलर) माफ होतो. तुम्ही राहायला गेलात, घर भाड्याने दिलंत, की नव्वद दिवसांत ती सूट रद्द करायचा फॉर्म भरावा लागतो. न भरता टेक्सासच्या नव्या घरावरही होमस्टेडची (तिथली राहत्या घराची) सूट घेतलीत तर दोन राज्यांत दोन घरं ‘मुख्य’ होतात, आणि त्याचं बिल व्याजासकट येतं. घर भाड्याने द्यायचं की विकायचं ते तुमच्या पैशाच्या सोयीने ठरवा. फीसाठी म्हणून ठेवू नका, त्याने फी वाचत नाही.

मंडळातल्या गृहस्थांबद्दल काय बोलू! मदत करायची इच्छा आहे त्यांची, मान्य. पण रेसिडेन्सीच्या अर्जावर खाली सही असते, वर लिहिलंय ते खरं आहे अशी. पत्ता खोटा निघाला तर मागच्या टर्मचा फरकही मागतात, आणि मुलीवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सही तुमची नसते, तिची असते. वीस वर्षांच्या पोरीला पहिल्या मोठ्या कागदावर खोटं लिहायला लावायचं, तेही गरज नसताना! हे मुळीच करू नका.

जाता जाता आणखी एक, कारण हा सल्लाही तुमच्यापर्यंत येईलच. “मुलीला टॅक्सवर डिपेंडंट दाखवू नका, ती स्वतंत्र झाली की मिशिगनची होते.” ॲन आर्बरला हॉस्टेलवर राहणारं, चोवीस वर्षांखालचं, पूर्णवेळ शिकणारं आणि तुमच्या पैशावर जगणारं मूल टॅक्सच्या नियमांनुसार तुमचं डिपेंडंटच असतं. नाही म्हटल्याने ते बदलत नाही. फेडरल मदतीच्या फॉर्मवर तर चोवीस वर्षांपर्यंत, लग्न किंवा तसंच काही नसेल तर, तुमचीच माहिती मागतात. वर २,५०० डॉलरपर्यंतचं शिक्षणाचं टॅक्स क्रेडिट हातचं जाईल ते निराळं. मोठीला या उठाठेवीची काहीच गरज नाही.

आता खरा पेच धाकट्याचा आहे. तुमच्या पत्रात त्याला दोनच ओळी आहेत, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं.

त्याची अकरावी जूनमध्ये संपते. तुम्ही सगळे मार्चमध्ये गेलात तर आईवडील जाण्याआधी अकरावी पुरी झाली नाही, आणि ती पहिली अट तिथेच गेली. बारावीही टेक्सासला केली तर शाळेच्या हजेरीची वाटही बंद. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, पण या तीन महिन्यांत ॲन आर्बरचा दरवाजा त्याच्यासाठी इन-स्टेट राहतो की नाही ते ठरतं. म्हणून माझं स्पष्ट मत: पत्त्याशी खेळू नका, तारखेशी खेळा. नवऱ्याला मार्चमध्ये जावंच लागलं तर तो एकटा पुढे जाऊ दे. तुम्ही आणि मुलगा शाळा सुटेपर्यंत नोव्हीच्या घरात राहा. हे काही नाटक नव्हे, तुम्ही खरोखरच तिथे राहत असाल, मुलगा खरोखरच तिथल्या शाळेत असेल.

जूननंतर काय, इथे दोन रस्ते फुटतात. एक, सगळे ऑस्टिनला जायचं आणि बारावी तिथे करायची. मग ॲन आर्बर इन-स्टेट मिळणार नाही, पण टेक्सास मिळेल. टेक्सासमध्ये ज्या पालकावर मूल अवलंबून आहे त्याचं घर सेन्सस डेटच्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या तारखेच्या) आधी बारा महिने तिथे असावं लागतं, आणि फॉलमध्ये ती तारीख वर्गाच्या बाराव्या दिवशी येते. तुमचे मिस्टर मार्चपासून तिथे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत बारा महिने कधीच उलटतील. फीचा प्रश्न सुटला. पण ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेशाचा सुटत नाही. टेक्सासच्या हायस्कूलमधल्या वरच्या मुलांना तिथे आपोआप प्रवेश असतो, २०२६ च्या फॉलपासून ऑस्टिनला ही मर्यादा वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांपर्यंत आली आहे. बारावीत बाहेरून आलेल्या मुलाचा रँक कसा धरायचा हे शाळा ठरवते, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. डॅलस किंवा कॉलेज स्टेशनची सरकारी युनिव्हर्सिटी त्याला आवडते का, तेही विचारा.

दुसरा रस्ता, त्याची बारावी मिशिगनमध्येच करायची. इथे सासूबाईंचा मामाचा तोडगा येतो. मामा जिवाभावाचा असेल, पण तो ट्रॉयला राहतो. म्हणजे मुलाला नोव्हीची शाळा सोडून ट्रॉयच्या शाळेत जावं लागेल, बारावीच्या वर्षात, मित्र सोडून. ऑस्टिनला जाऊन जो त्रास होणार तोच इथेही, फक्त आईवडीलही नाहीत. शिवाय ट्रॉयचा शाळा जिल्हा त्याला घेतो का, काय कागद मागतो, ते आधी विचारावं लागेल. तुम्ही मामाला पॉवर ऑफ ॲटर्नी देऊ शकता, मात्र मिशिगनमध्ये ती १८० दिवसांपुरतीच असते, मध्ये नवी करावी लागेल. शाळेचा रहिवास आणि युनिव्हर्सिटीचा रहिवास ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे लोक नेहमी एकात एक घालतात.

मामापेक्षा मला बरं वाटतं ते हे: तुम्हीच आणखी एक वर्ष नोव्हीला राहायचं. मुलगा स्वतःच्या शाळेतून पास होतो, हजेरीची वाट त्याला ठणठणीत मिळते, आणि वडील टेक्सासला असल्याने टेक्सासचाही हिशेब लागू शकतो. फक्त एकाच वेळी दोन राज्यांच्या अर्जांवर “आमचं कायमचं घर इथेच” असं लिहायचं नाही. मिशिगनला शाळेची हजेरी दाखवायची, टेक्सासला वडिलांचं घर. दोन्ही खरं आहे, तेवढंच सांगायचं. किंमत आहे याची, माहीत आहे मला. दोन घरांचा खर्च, विमानाची तिकिटं, आणि सव्वा वर्ष नवरा-बायको दोन टाइम झोनला. ज्यांनी एच-वनच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) काळात असे दिवस काढलेत त्यांना पुन्हा नको वाटतात, आणि ते चूक नाही.

आणि हे सगळं ॲन आर्बरसाठी करायच्या आधी एक विचारते. त्याला तिथे प्रवेश मिळेल का? इन-स्टेट असूनही तिथला प्रवेश आता सोपा राहिलेला नाही, इंजिनिअरिंगला तर नाहीच. त्याचे मार्क, त्याचा कल बघता ते शक्यतेत नसेल तर फक्त त्या फीसाठी घर दोन जागी करणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी मंगल कार्यालय बुक करण्यासारखं आहे. शाळेतल्या काउन्सेलरला भेटा. मुख्य म्हणजे त्याला विचारा. तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, मंडळातल्यांचं आहे, दिरांचं आहे, त्याचं नाही. कदाचित त्याला ऑस्टिन हवंही असेल, सोळा वर्षांच्या मुलांचं सांगता येत नाही.

आता करायचं काय. मोठीने स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून रजिस्ट्रारच्या रेसिडेन्सी ऑफिसला लिहावं. तुम्ही लिहून उपयोग नाही. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या नोंदींबद्दल ते पालकांशी बोलणार नाहीत, फी तुम्ही भरत असलात तरी. तिने सरळ लिहावं: आईवडील अमुक महिन्यात टेक्सासला जात आहेत, मी इथेच आहे, पूर्णवेळ शिकते आहे, मिडल स्कूल आणि हायस्कूल नोव्हीला केलं; माझा दर्जा टिकतो ना, आणि मला अर्ज किंवा कागद द्यावे लागतील का? लपवाछपवी नको. उत्तर आलं की त्याची प्रत जपून ठेवायची. फोनवर कोणी “हो हो, काही प्रॉब्लेम नाही” म्हणालं तर त्याला कागदावर मोल नाही. अर्ज करावा लागला तर प्रत्येक टर्मला मुदत असते, आणि ती टर्म सुरू झाल्यावर फार लांब नसते, त्यामुळे ऑगस्टपर्यंत थांबू नका. तिला राज्य सरकारची एखादी शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिचे रहिवासाचे निकष वेगळे असतात, ते वेगळं विचारायचं. मिशिगनच्या ५२९ या शिक्षणाच्या बचत योजनेत पैसे साठवले असतील तर त्याची चिंता नको, ते कुठल्याही राज्यात वापरता येतात.

एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) मुलं असलेल्या वाचकांसाठी थोडं, कारण या सदरावर तुमचीच पत्रं जास्त येतात. ॲन आर्बरला तुमच्यासाठी घराच्या पत्त्यापेक्षा शाळेच्या हजेरीची वाट महत्त्वाची, म्हणून मुलाची बारावी होण्याआधी राज्य सोडताना दहादा विचार करा. दुसरं, एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो आणि मूल एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातं. एफ-वनची अटच अशी आहे की विद्यार्थ्याचं कायमचं घर परदेशात असायला हवं, ते सोडायचा त्याचा इरादा नको. मग “मी या राज्याचा रहिवासी” हे सिद्ध करणं बऱ्याच राज्यांत अवघड होऊन बसतं. शाळेतल्या हजेरीवर मिळालेली सवलत त्यात टिकते का, हे वाढदिवसाच्या निदान वर्षभर आधी युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

नोव्हीच्या ताई, तुमच्याकडे परत येते. ऑफर लेटरवर अजून सही झाली नसेल तर मिस्टरांना आजच एचआरशी बोलायला सांगा: हजर व्हायची तारीख जूनपर्यंत ढकलता येईल का, किंवा मार्च ते जून दर महिन्यातले काही दिवस नोव्हीहून काम करता येईल का, आणि घरसामान हलवायचा खर्च कधीपर्यंत देणार, सहा महिने की वर्षभर. तुम्ही आणि मुलगा मागाहून येणार असाल तर ही शेवटची मुदत लेटरमध्येच वाढवून लिहून घ्यायला सांगा. सहीच्या आधी मागितलं तर कंपन्या असं बऱ्याचदा मान्य करतात, सही झाल्यावर मात्र मागणाऱ्यालाच संकोच वाटतो.